खेकड्याचे पाय आणि बाजाराचा वार

माझं वाशिममध्ये मेडिकल आहे, पाटणी चौकापासून चार पावलांवर. दीड-दोन महिन्यांतून एकदा तरी काउंटरवर एक ठरावीक चिठ्ठी येते. माथ्यावर परळच्या टाटा हॉस्पिटलचं नाव आणि खाली दोनच औषधं. मेथोट्रेक्सेटच्या साडेसात मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, आठवड्यातून एकदा. सेलेकॉक्सिब २०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ.

दोन्ही औषधं माझ्याकडे बाराही महिने असतात, पण कॅन्सरच्या नावानं नाही. मेथोट्रेक्सेट संधिवाताच्या खणात असतं. बोटं वाकडी झालेल्या बायका ते वर्षानुवर्षं नेतात. सेलेकॉक्सिब गुडघेदुखीच्या खणात. ही चिठ्ठी घेऊन येणाऱ्याचे गुडघे मात्र धडधाकट असतात. त्याचा गाल सुजलेला, तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळलेला, आणि तोंड उघडतं ते इतकंच की चमचा जेमतेम आत जावा.

पहिली चिठ्ठी आली तेव्हा मला वाटलं, लिहिणाऱ्याचा घोळ झाला. एका ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "घोळ नाही भाऊ. हे औषध गाठीसाठी कमी आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांसाठी जास्त आहे." फोन ठेवला आणि शाळेतला इतिहास आठवला. किल्ला लढून हाती येत नसेल तर वेढा घालून बसायचं आणि रसद तोडायची. त्या दिवसापासून दुपारच्या रिकाम्या वेळात मी जमेल तसं वाचत आलो. गाठीची रसद तोडायचं कुणाला सुचलं, आणि ती कल्पना फिरत फिरत माझ्या या दोन खणांपर्यंत कशी आली, ते सांगतो.

सुरुवात गावापासूनच करतो, कारण गाठ आमच्या गावाच्या नावात आहे. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याची पुष्कळशी लेणी ज्या हरिषेणाच्या काळात कोरली गेली, तो याच शाखेतला. गावात कथा सांगतात ती वत्स ऋषींची, आणि त्यांच्या आश्रमात जमलेल्या देवांची. गुल्म म्हणजे त्या कथेत समूह. पण वैद्याला विचारा, तो म्हणेल गुल्म म्हणजे पोटातला गोळा. चरकसंहितेत त्याचे पाच प्रकार मोजले आहेत. खोल रुजलेल्या, सावकाश वाढणाऱ्या आणि कधी न पिकणाऱ्या गाठीला सुश्रुतसंहितेत अर्बुद म्हटलं आहे, आणि तो शब्द मराठी वैद्यकाच्या पुस्तकांत अजून टिकून आहे.

कर्करोग हा शब्द मात्र बाहेरून आलेला, कॅन्सरचं सरळ भाषांतर. ग्रीक वैद्य अशा गाठीला खेकडा म्हणत. दुसऱ्या शतकातल्या गेलननं त्याचं कारण लिहून ठेवलं आहे. स्तनातल्या गाठीभोवतीच्या शिरा फुगून दोन्ही बाजूंना पसरतात, त्या खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. आमच्याकडे या रोगाचं नाव घ्यायला लोक आजही कचरतात, 'त्याले तो मोठा आजार निघाला' एवढंच बोलून गप्प होतात. ते न घेतलं जाणारं नाव पडलं आहे गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवरून. पाय सगळ्यांना दिसत होते. घाव पायांवर घालावा, हे सुचायला पुढे अठराशे वर्षं लागली.

१९९३ साली माझ्या मोठ्या बाबांच्या जिभेच्या कडेला जखम झाली. रिसोडकडच्या एका खेड्यात त्यांची शेती होती. आधी दात टोचतो म्हणून दात घासून घेतला. मग तोंड आलं असेल म्हणून चार महिने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालल्या. त्यातल्या निम्म्या माझ्याच दुकानातून गेल्या, हेही इथे लिहून ठेवतो. जीभ वळेनाशी झाली तेव्हा त्यांना घेऊन निघालो. वाशिमहून मीटर गेजच्या गाडीनं अकोला, अकोल्याहून रात्रीच्या गाडीनं दादर. उतरलो ते गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडातलेच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, त्यामुळे मोठ्या बाबांना तिथे परकं वाटलं नाही. जिन्यात बसलं की जळगाव, नांदेड, गोरखपूर, सगळीकडची माणसं भेटत. प्रत्येकाच्या मांडीवर फाईल.

डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू किती वर्षं? मोठे बाबा कागदावर लिहून बोलत, पण या प्रश्नाला त्यांनी हातानंच दाखवलं: जमिनीपासून एवढा होतो तेव्हापासून.

ऑपरेशन झालं, शेक झाला. सहा महिन्यांनी गाठ मानेत परत आली. मग सलाईनमधून औषध सुरू केलं, तीन आठवड्यांतून एकदा. पहिल्या चार-पाच दिवसांत उलट्या, मग अंगात त्राण नाही, मग जरा उभारी धरावी तोवर पुढची तारीख. दुसऱ्या सलाईननंतर त्यांनी कागदावर लिहिलं, घरी ने. हरभरा सोंगायच्या दिवसांत ते गेले. त्या दोन सलाईनमधला तीन आठवड्यांचा खाडा लक्षात असू द्या. गोष्ट पुन्हा तिथे येणार आहे.

परळची ती इमारत कुणी, कशासाठी बांधली हे मी फार उशिरा वाचलं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. मागोमाग दोराबजीही गेले. त्यांच्या नावच्या न्यासानं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडलं. तिथल्या प्रयोगशाळा सांभाळायला आले डॉ. वसंत रामजी खानोलकर. कॅन्सर आणि कुष्ठरोग, या दोन्ही रोगांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करणारा हा माणूस. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर या तिघांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंडाच्या व घशाच्या कॅन्सरशी काय संबंध, हा त्याचा विषय. मोठ्या बाबांना दवाखान्यात जे कळलं, ते ३८ वर्षं आधी परळमधूनच छापून गेलं होतं. परळ ते रिसोड हे अंतर एका रात्रीचं आहे.

१९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, खानोलकरांच्या हाताखाली काम करत होत्या. १९४९मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी काचेत अखंड वाढवणारे ते हेच गाय. रणदिवे परत आल्या आणि १९५२मध्ये उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा थाटली. पुढे त्या केंद्राच्या संचालकही झाल्या.

काचेतली पेशी सुखी असते. तिला चहूबाजूंनी पोषक रस मिळतो. शरीरातल्या गाठीचं तसं नाही. ती फुगू लागली की मधल्या पेशी उपाशी पडतात. त्यांना कोण खाऊ घालतं, हे कोडं अमेरिकेत एका तरुण शल्यवैद्याच्या डोक्यात शिरलं. त्याचं नाव ज्यूडा फोकमन. १९६०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सक्तीची नोकरी करत होता. काम होतं रक्ताला पर्याय शोधण्याचं. त्यासाठी तो आणि फ्रेडरिक बेकर प्राण्यांच्या ग्रंथी काचेच्या भांड्यात ठेवून त्यांच्यातून हिमोग्लोबिनचं द्रावण खेळवत. द्रावण खरंच जीव धरून ठेवतं का, हे पाहायला त्यांनी ग्रंथीत कॅन्सरच्या पेशी सोडल्या. पेशी वाढल्या, पण गाठी एक-दोन मिलिमीटरच्या, मोहरीएवढ्या झाल्या आणि थांबल्या. त्याच गाठी जिवंत उंदरात घातल्या तर भराभर फोफावल्या. फरक एकच होता. उंदराच्या अंगात गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या फुटत होत्या, काचेत फुटत नव्हत्या.

गाठीभोवती नव्या वाहिन्या येतात, हे त्याच्याआधीही पाहिलं गेलं होतं. जर्मनीत एडविन गोल्डमान यांनी १९०७मध्येच त्यावर लिहिलं होतं. पण बहुतेकांना ती जखमेभोवती होते तशी सूज वाटे. फोकमनचा निबंध १८ नोव्हेंबर १९७१ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, आणि त्यात म्हणणं असं होतं: गाठ एक रासायनिक निरोप पाठवून या वाहिन्या बोलावून घेते. निरोप अडवा, गाठ मोहरीएवढीच राहील. त्यानंतर दहा-बारा वर्षं त्याची बरीच टिंगल झाली.

आमच्याकडे तुरीवर अमरवेल चढते. ती पिकाच्या खोडात आपल्या सोंडी खुपसून रस ओढते. गाठ तिच्या वरताण. ती सोंड खुपसायच्या भानगडीत पडत नाही. सांगावा धाडते, आणि आपलंच शरीर आपल्याच हातानं तिच्या बांधापर्यंत पाट खोदून देतं.

तो सांगावा म्हणजे नेमकं कोणतं द्रव्य, हे हळूहळू कळत गेलं. १९८३मध्ये बोस्टनमध्ये सेंगर आणि ड्वोरॅक यांना गाठीतून पाझरणारं, वाहिन्या झिरपत्या करणारं एक प्रथिन सापडलं. १९८९मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओने फेरारा यांनी वाहिन्यांची वाढ करणारं प्रथिन वेगळं केलं, आणि दोन्ही एकच निघाली. आज त्याला व्हीईजीएफ म्हणतात. ३ मे १९९८ला न्यू यॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर फोकमनच्या उंदरांची बातमी आली आणि कॅन्सर आता संपलाच अशी हवा जगभर पसरली. त्याच वर्षी १ जुलैला अकोल्यातून फुटून आमचा वाशिम जिल्हा झाला. पेढे वाटायच्या त्या दिवसांत एक ओळखीचे गुरुजी पेपरचं कात्रण घेऊन दुकानात आले होते. बायकोसाठी हे औषध मिळेल का, असं विचारत होते. मी स्टॉकिस्टला अकोल्याला फोन केला. तो हसला. मला हसू आलं नाही, कारण मोठ्या बाबांना जाऊन चारच वर्षं झाली होती.

औषध आलं ते २६ फेब्रुवारी २००४ला अमेरिकेत. नाव बेव्हॅसिझुमॅब, तोच सांगावा वाटेत पकडणारी प्रतिद्रव्यं. ज्या चाचणीवर परवानगी मिळाली तीत पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरचे ८१३ रुग्ण होते. नुसत्या नेहमीच्या औषधांवर निम्मे रुग्ण १५.६ महिने जगले. हे जोडल्यावर तो आकडा २०.३ महिने झाला. फायदा खराच होता, पण संपलं काही नाही. एक पाट बुजवला की गाठ दुसरा सांगावा धाडून दुसरा पाट ओढते. शिवाय त्या वाहिन्या मुळातच वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. बोस्टनच्याच राकेश जैन यांनी २००१मध्ये मांडलं की हे औषध त्यांना काही काळ सरळ करतं आणि मग सोबतचं औषध गाठीत नीट पोचतं. म्हणजे रसद तोडायला पाठवलेली फौज कधीकधी रस्ताही दुरुस्त करून येते.

हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. भारनियमनाच्या वर्षांत आमच्याकडे दिवसात कितीकदा वीज जायची. मी इन्सुलिनच्या कुप्या बर्फाच्या डब्यात ठेवून दिवस काढत होतो. बेव्हॅसिझुमॅब वाशिमला ठेवायचा विचारही तेव्हा कुणी केला नसता.

मग गोळ्या आल्या. सोराफेनिब ही त्यांतली एक. वाहिन्यांच्या पेशींवर सांगावा ऐकणारे जे कान असतात, ते ती बुजवते. पसरलेल्या मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कॅन्सरसाठी ती देतात. गोळी फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, पण आपल्या देशात महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती २ लाख ८० हजार रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीनं बायरच्या या पेटंटवर सक्तीचा परवाना मागितला. ९ मार्च २०१२ला पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईतून तो दिला आणि महिन्याचा खर्च नऊ हजारांच्या आत आला. पेटंटवाल्याला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क ठरलं, पुढे ते ७ टक्के झालं. २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा निर्णय कायम केला. असा परवाना भारतात तेवढाच एक. या रोगाचा इतिहास सांगणारे प्रयोगशाळांपाशी थांबतात. काउंटरवरून पाहणाऱ्याला तो आदेशही शोधच वाटतो. वाहिन्यांवरचं औषध माझ्यासारख्याच्या खणात ठेवता येईल अशा किमतीला पहिल्यांदा तिथे आलं.

तरी नऊ हजार म्हणजे काय, हे सोयाबीनचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. आणि आमच्याकडचा कॅन्सर बहुतेक तोंडाचा.

आता तो खाडा. मोठ्या बाबांना तीन आठवड्यांतून एकदा औषध मिळायचं, कारण मोठा डोस एकदम दिला की रक्त तयार करणाऱ्या पेशीही मरतात. त्यांना सावरायला वेळ द्यावा लागतो. पण त्या वेळात गाठीच्या वाहिन्यांचं अस्तरही सावरतं. २०००मध्ये फोकमनच्याच प्रयोगशाळेतल्या टिमथी ब्राउडर यांनी आणि टोरोंटोतल्या रॉबर्ट कर्बेल यांच्या गटानं उंदरांवर दाखवलं की तेच जुनं औषध थोडं थोडं, खाडा न पाडता देत राहिलं तर वाहिन्यांना दुरुस्तीची फुरसत मिळत नाही. या पद्धतीला मेट्रोनोमिक हे नाव पडलं. मेट्रोनोम म्हणजे गाणं-वाजवणं शिकणाऱ्यापुढे टिकटिक करत ठेका धरून राहणारं यंत्र.

त्यासाठी नवं औषध लागत नव्हतं. मेथोट्रेक्सेटचं घराणं १९४०च्या दशकातलं. लेडर्ले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव या भीमावरमच्या माणसाच्या देखरेखीखाली ते तयार झालं. त्यातल्या अमिनोप्टेरिननं सिडनी फार्बर यांनी १९४८मध्ये रक्ताच्या कॅन्सरची मुलं काही काळ बरी करून दाखवली, तेही बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात, जिथे पुढे फोकमन मुख्य शल्यवैद्य झाला. सेलेकॉक्सिब हे तर दुखण्यावरचं औषध. पण सूज आणणाऱ्या ज्या द्रव्यांना ते आवरतं, ती द्रव्यं वाहिन्यांच्या सांगाव्यालाही जोर देतात.

परळच्या डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दोन औषधं सलाईनच्या सिस्प्लॅटिनसमोर उभी केली. डोकं-मानेच्या, बरा न होणाऱ्या कॅन्सरचे ४२२ रुग्ण. निकाल २०२०मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. सलाईनवर निम्मे रुग्ण ६.१ महिने जगले, गोळ्यांवर ७.५ महिने. गंभीर त्रास सलाईनवर ३० टक्क्यांना, गोळ्यांवर १९ टक्क्यांना. २०२२मध्ये त्यांनीच पुढचं पाऊल टाकलं. या गोळ्या, त्यात अर्लोटिनिब, आणि निव्होलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तीन आठवड्यांतून फक्त २० मिलिग्रॅम. निव्होलुमॅब जोडल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

पहिल्या निकालातला फरक सव्वा-दीड महिन्याचा. त्याला विजय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण मोठ्या बाबांच्या जागी बसून मी तो मोजतो. तो सव्वा महिना घरच्या बाजेवर असतो. दादरच्या जिन्यात नसतो. दोन्ही औषधांचं महिन्याचं बिल माझ्याकडे हजाराच्या आत येतं.

समोरच्या टपरीवर पोरगा दिवसभर खर्रा घोटत असतो. सुपारीचा चुरा, तंबाखू, वरून ओला चुना. पन्नीची घडी घालून तळहाताच्या टाचेनं तो फळीवर ती घासत राहतो. पन्नी गरम होते, खर्रा ओलसर तांबूस होतो, मग गाठ मारून गिऱ्हाइकाच्या हातात. त्याच्याही हाताला पक्का ठेका आहे. माझ्या चिठ्ठीवाल्यांपैकी कितीतरी जण त्याच्याकडूनच माझ्याकडे आलेत.

गेल्या महिन्यात मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले आजोबा तीच चिठ्ठी घेऊन आले. बरोबर सून. या औषधात एकच मोठा धोका आहे. आठवड्याची गोळी कुणी रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्त तयार होणं थांबतं, माणूस दगावू शकतो. म्हणून मी पाकिटावर वार लिहून देतो. पेन काढला तर सून म्हणाली, "भाऊ, याइले वाचता येत नाही, अन् मी रोजानं वावरात असतो. वार ध्यानात रायत नाही."

मी विचारलं, तुमच्या गावचा बाजार कधी?

आजोबांनी दुपट्ट्याआडून कसंबसं सांगितलं, "बुधवार."

तीन गोळ्या कापून मी वेगळ्या पुडीत बांधल्या. अशा चार पुड्या, चार बाजारांच्या. सुनेला म्हटलं, बाजारातून भाजी आणली की पिशवी ठेवायच्या आधी यांना ही पुडी द्यायची. बाजार नाही तर पुडी नाही. आजोबांनी एक पुडी बोटांत धरून पाहिली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. खर्राही ते त्याच खिशात ठेवत असावेत. खिशाच्या कडेला चुन्याचा पांढरा डाग होता.